मनोरमाआत्यांच्या पर्सवर

कुमुदचा लॅपटॉप मी हलका केला आणि त्या दिवशी शहाण्णव माणसांचं रात्रीचं जेवण अडलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी माझीच बाजू जोरात मांडणार आहे. सवय आहे तशी, काय करणार.

मी आत्माराम. चौतीस वर्षं या देशात प्लॅनिंग इंजिनियर होतो, त्यातली शेवटची अकरा रुवैसला, अबू धाबीच्याही पलीकडे. तिथे तीनशे लेबरांचं रोजचं काम मी एका कागदावर बसवायचो आणि दुपारपर्यंत कुणाची टाप नव्हती एक पाइप इकडचा तिकडे करायची. मार्चमध्ये रिटायर झालो, कंपनीचा व्हिसा संपला, आणि आता मी बायकोच्या व्हिसावर आहे. कागदावर स्पॉन्सर म्हणून स्वच्छ लिहिलंय, कुमुद आत्माराम. सही करताना टायपिंग सेंटरमधला पोरगा माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो.

कुमुदचं इथे शहरात अल क्वोजला किचन आहे, टायरच्या गोदामाच्या मागे. भाजी, आमटी, पोळ्या, डबे. मी रुवैसला असताना तिनेच उभं केलं, मी फक्त गुरुवारी रात्री येऊन जेवायचो आणि शनिवारी परत जायचो. आता मी रोज किचनमध्ये असतो आणि माझ्या हाताला काम म्हणजे, "अहो, कोथिंबीर निवडता का जरा?" तीनशे माणसं हलवणारा माणूस कोथिंबीर निवडतो! ठकुबाई म्हणून आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या बाई आहेत, त्या मी निवडलेली जुडी गुपचूप पुन्हा निवडतात. मला दिसतं ते.

त्यात यंदा किचनचं काही खरं नव्हतं. दोन ऑफिसांचे डबे बंद झाले होते. कुमुदने हिशोब केला आणि म्हणाली, नवीन काम मिळालं तर ठीक, नाहीतर लायसन संपेल तेव्हा खलास, कुलूप लावायचं आणि गावी जायचं. हे तिने भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात सांगितलं. नऊ वर्षं त्या बाईने तिथे उभं राहून काढली होती.

मग मुहैस्नाहचं काम आलं. एका लेबर कॅम्पची एक बिल्डिंग, शहाण्णव माणसं, रोजचं रात्रीचं जेवण. तिथला जेवणाखाण्याचा इनचार्ज उमर. माणूस सज्जन, पण नियमाचा पक्का. त्याची अट एकच: प्रत्येक डब्यावर स्टिकर पाहिजे, खोली नंबर, नाव आणि काय चालत नाही ते. "दीदी, स्टिकर नहीं तो डिब्बा गाड़ी में नहीं." आधी एकाला चुकीचा डबा जाऊन तो हॉस्पिटलात पोचला होता म्हणे. कुमुद दोन आठवडे संध्याकाळी कॅम्पच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि एकेकाला विचारून यादी केली. कुणाला साखर, कुणाला अंडं नको, कुणी मंगळवारी कांदा खात नाही. सतीश म्हणून एक वेल्डर, त्याला शेंगदाणा चालत नाही, एक दाणा पोटात गेला की घसा सुजतो. आमच्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कशात नाही ते सांगा!

पहिला डबा रविवारी. गाडी पाच वाजता येणार.

आता लॅपटॉपकडे येतो. तो अकरा वर्षांचा. पर्णिका, आमची मुलगी, कॉलेजात गेली तेव्हा तिच्यासाठी घेतलेला, मग दोन वर्षांनी आईकडे आला. सुरू व्हायला सात मिनिटं घ्यायचा. कुमुद बटण दाबून आमटीला फोडणी द्यायला जायची. मी म्हणालो, नवीन घे. ती म्हणाली, अठराशे दिरहॅम, म्हणजे चाळीस हजारांच्या वर, काही गरज नाही. मग मी व्हिडिओ बघायला लागलो. लिनक्स नावाची सिस्टम असते, फुकट, आणि तिचे एकाहून एक हलके अवतार असतात, म्हातारा लॅपटॉपही टुणकन उठतो. मी महिनाभर अभ्यास केला, वहीत नोट्स काढल्या. कुमुदला सांगितलं तर म्हणाली, "आत्ता नको. काम सुरू होऊ दे, मग बघू."

पण रविवारी सकाळी ती ठकुबाईंना घेऊन रोल्लाच्या बाजारात मेथी आणायला गेली. तिथल्या एका दुकानाशिवाय तिला मेथी पसंत पडत नाही. मला किचनच्या छोट्या ऑफिसात मोड आलेली मटकी निवडायला बसवलं. समोर लॅपटॉप. आत्ता नको म्हणाली होती, कधीच नको असं काही म्हणाली नव्हती. आणि मला वाटलं, ती परत येईल, बटण दाबेल, स्क्रीन लगेच येईल आणि ती म्हणेल, अहो, तुम्ही केलंत हे? बास, एवढंच हवं होतं मला.

काम मी शास्त्रशुद्ध केलं, हे लिहून ठेवा. आधी तिच्या सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. त्याही कमांड टाइप करून, काळ्या खिडकीत. माउसने काय, कुणीही कॉपी करतं. मग जुनं सगळं पुसलं, लिनक्स बसवलं, फायली परत आणल्या. डेस्कटॉप कुठला हवा असं विचारलं तेव्हा तीन पर्याय होते. एक नटवा, एक मध्यम, आणि एक इतका हलका की त्यात चित्र नाही, पट्टी नाही, आयकॉन नाहीत. नुसता करडा पडदा. उजवं बटण दाबलं की छोटा मेनू येतो, त्यातून काय हवं ते उघडायचं. मी तोच घेतला. घ्यायचं तर सगळ्यात हलकं घ्यावं! सुरू केला. बावीस सेकंद! मेमरी फक्त एकशे ऐंशी एमबी! मी एकटाच टाळ्या वाजवल्या. मटकी तशीच होती.

साडेबाराला कुमुद आली. मी खुर्ची फिरवून बसलो.

"लाव," म्हटलं, "बटण दाब आणि बघ."

तिने दाबलं. बावीस सेकंदांत करडा पडदा आला. तिने मेथीची पिशवी खाली ठेवली.

"बंद पडला?"

"चालू आहे! बघ किती फास्ट."

"मग माणसं कुठे गेली?"

"कोण माणसं?"

"यतीनच्या लग्नातली. अहो, माणसं कुठे गेली सगळी?"

यतीन म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. सावंतवाडीला त्याचं लग्न झालं तेव्हाचा एकतीस जणांचा ग्रुप फोटो तिच्या स्क्रीनवर होता, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "फोटो उगाच मेमरी खातो, म्हणून काढला. फायली सगळ्या आहेत, हे बघ." आणि मेनूतून फोल्डर उघडून दाखवला.

दोनशे चौदा फोल्डर. न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर तीन, असे खालपर्यंत. नाव म्हणून एकालाही नाही.

"यातली आजची यादी कुठली?" मी विचारलं.

"मनोरमाआत्यांच्या पर्सवर."

मला वाटलं चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. नऊ वर्षं तिने फायली त्या फोटोतल्या माणसांवर ठेवल्या होत्या. गॅसवाल्याचे कागद नवरदेवाच्या फेट्यावर. म्युनिसिपालिटीची पत्रं माझ्या आईच्या तोंडावर, कारण दोन्हीची तिला सारखीच धास्ती. मसाल्याची मापं नवरीच्या ओटीत. आणि जे हरवून चालणारच नाही ते मनोरमाआत्यांच्या पर्सवर, कारण तिच्या या आत्यांनी ती पर्स लग्नात जेवतानासुद्धा मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"अगं, पण नावं का नाही दिलीस फोल्डरना?"

"नाव कशाला? घरी तांदळाच्या डब्यावर तांदूळ लिहितो का आपण? फळीवर कुठे आहे ते माहीत असतं."

मी आवाज चढवला. "ही काय पद्धत झाली? साइटवर असं केलं असतं तर क्रेन समुद्रात गेली असती!" म्हटलं, काळजी करू नकोस, तारखेवरून शोधतो, यादी गुरुवारची ना? तारखा बघितल्या. सगळ्या फोल्डरची, सगळ्या फायलींची तारीख आजची, वेळ दहा एक्केचाळीस. मी ज्या ऐटीत कमांडने कॉपी केली होती, त्या कमांडने जुन्या तारखा पुसून नव्या घातल्या होत्या. तारखा राखायला एक छोटं अक्षर जास्त टाकायचं असतं. माझ्या वहीत लिहिलेलं होतं, लाल पेनने.

मग नावावरून शोध घेतला. सतीश. एकतीस फायली. त्यातल्या अकरा पूर्ण शहाण्णव नावांच्या, कारण रोज कुणी खोली बदलायचा, कुणी सुट्टीवर जायचा, कुमुद रोज नवीन यादी करायची आणि जुनी काही पुसायची नाही. एकीत सतीश दोनशे चार नंबरात, दुसरीत तीनशे अकरात. एकीत त्याच्यापुढे शेंगदाणा नाही, दुसरीत रकाना रिकामा.

"उमरला फोन करू," मी म्हटलं. "त्याच्याकडे खोल्यांची लिस्ट असणार."

"नाही करायचा." कुमुद हळूच म्हणाली. "त्याने अट एकच घातली होती. पहिल्याच दिवशी मी त्याला सांगू, यादी हरवली म्हणून?"

"हरवली नाहीये, दोनशे चौदातली एक आहे."

"तुम्ही नावं का नाही दिली विचारता ना," ती म्हणाली, "तुम्ही मला विचारलंत का?"

मटकी उचलून ती चुलीकडे गेली.   ठकुबाई तर माझ्याकडे बघेनात. खरं सांगतो, मला लाज वाटली. चौतीस वर्षांत माझ्यामुळे एक दिवस काम अडलं नव्हतं, आणि अडलं तेव्हा बायकोचं. पाचला गाडी, घड्याळात सव्वा एक.

पर्णिका अबू धाबीला असते. तिला फोन लावला. मी मराठीत सांगत होतो, ती इंग्लिशमध्ये ओरडत होती.

"बाबा! यू वाइप्ड मम्माज लॅपटॉप? टुडे?"

"वाइप नाही, हलका केला. ते जाऊ दे. आईच्या स्क्रीनवर काय कुठे होतं ते कळायला काही मार्ग आहे का?"

 ती हसायला लागली. हसतच राहिली.

"बाबा, डू यू नो व्हॉट मम्मा सेंड्स मी? ओन्ली टू थिंग्ज. 'जेवलीस का', अँड फोटोज ऑफ दॅट स्क्रीन."

खरंच होतं. लॅपटॉपवर कसली चौकट आली, काही इंग्लिश वाक्य आलं, की कुमुद मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढायची आणि लेकीला पाठवायची, खाली लिहायची, "हे काय आलंय बघ." मी हसायचो तिला. स्क्रीनचा स्क्रीनशॉट घेतात, फोटो काय काढतेस, अडाणी आहेस का? असं म्हणालो होतो मी, याच तोंडाने.

पर्णिकाने त्रेचाळीस फोटो धाडले. धाड धाड येत राहिले. शेवटचा गुरुवारचा, संध्याकाळी सहाचा, प्रिंटरला कागद नाही अशी चौकट आलेली. ट्यूबलाइटची तिरीप, कोपऱ्यात फोडणीची वाफ, आणि बाकी सगळं लग्न समोर उभं. फेटा, ओटी, माझी आई. मी बोटांनी मोठं करत डावीकडे खाली गेलो, मनोरमाआत्या बसल्या होत्या तिथे. आणि पर्सवर कुमुदचा अंगठा! कॅमेऱ्यापुढे आलेला, गुलाबी, अख्खी पर्स झाकून.

"अरे देवा," मी मोठ्याने म्हणालो.

"वेट, बाबा. मी लगेच रिप्लाय नाही केला तर शी सेंड्स इट अगेन."

एका मिनिटानंतरचा फोटो. खाली लिहिलेलं, "बघितलंस का?" अंगठा नव्हता. आत्यांची पर्स, पर्सवर पिवळा फोल्डर, खाली बारीक अक्षरात न्यू फोल्डर एकशे त्रेचाळीस.

मी उघडला. सतीश, खोली तीनशे अकरा, शेंगदाणा अजिबात नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. मग दारात जाऊन म्हटलं, "एकशे त्रेचाळीस." कुमुदला काय कळणार? पण माझं तोंड बघून कळलं तिला. ती हात पुसत आली, यादी वरून खाली बघितली, मान हलवली आणि म्हणाली, "छापा. चला, यल्ला."

प्रिंटर लिनक्सने स्वतःहून ओळखला, ही देवाची कृपा, माझी नव्हे. स्टिकर निघत होते, ठकुबाई लावत होत्या, कुमुद डबे भरत होती. सतीशची उसळ वेगळ्या पातेल्यात, कुटाशिवाय. मी स्टिकर फाडून देत होतो. पाचला दहा कमी असताना शेवटचा डबा बंद झाला. उमर आला, त्याने मधूनच आठ-दहा डबे उचलून वाचले, तीनशे अकराचा उघडून वास घेतला, आणि म्हणाला, "दीदी, बस ऐसे ही. कल भी इन्शाल्ला." गाडी गेली. कुमुद उलट्या घातलेल्या डब्याच्या क्रेटवर बसली आणि तिने डोळे पुसले. मी चहा ठेवला. तेवढं मला जमतं.

चहा होईतो मी ऑफिसात जाऊन यतीनचं लग्न परत स्क्रीनवर लावलं. आयकॉन दिसावेत म्हणून आणखी एक गोष्ट बसवावी लागली, मेमरी तीनशे दहावर गेली. लागली जिवाला. मग पर्णिकाने पाठवलेला फोटो शेजारी उघडा ठेवून एकेक फोल्डर जागेवर नेऊ लागलो. फेट्यावर दोन. आईच्या तोंडावर पाच. कुमुदच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तीन, यतीनच्या सासऱ्यांवर रांगच. असं करत उजव्या कोपऱ्यात पोचलो.

तिथे मी उभा होतो. रुवैसहून थेट विमान पकडून लग्नाला गेलो होतो, त्यामुळे पायात साइटचे बूट आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेन. माझ्यावर एकही फोल्डर नव्हता. मागचे फोटो बघितले, महिन्यापूर्वीचा, वर्षापूर्वीचा, पाच वर्षांपूर्वीचा. एकतीस माणसांत एकटा मी मोकळा. मनोरमाआत्या, ज्यांना ही वर्षातून एकदा फोन करते, त्यांच्यावर सगळा भरवसा, आणि नवऱ्यावर गॅसची पावतीसुद्धा नाही.

कुमुद चहाचे कप घेऊन आत आली. मी तोंड पाडून बसलो होतो.

"आता काय झालं?"

"काही नाही. एवढी माणसं कामाला लावलीस. माझ्यावर काही ठेवावंसं नाही वाटलं कधी तुला?"

तिने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वेडे आहात का? तुम्ही तिकडे रुवैसला. मी इथे सकाळी पाचला यायचे, हा लॅपटॉप सुरू व्हायला सात मिनिटं लागायची. बघायला नको मला कुणीतरी?"

मी चहाचा घोट घेतला. साखर मीच जास्त घातली होती. 

"ती सात मिनिटंसुद्धा घालवलीत तुम्ही," ती म्हणाली. हसत होती.

मी उद्याच्या यादीसाठी नवीन फोल्डर केला, दोनशे पंधरावा. नाव दिलं नाही. तो ओढत कोपऱ्यात नेला आणि माझ्या चेहऱ्यावर ठेवला.

"मी आता रोज इथेच आहे," म्हटलं. "ठेव माझ्यावर काहीतरी."

कुमुदने माझ्या हातातून माउस घेतला. फोल्डर अलगद खाली सरकवला, पांढऱ्या शर्टावर, जिथे पेन होतं तिथे.

"खिशात," ती म्हणाली. "तोंड झाकायचं नाही."

तेव्हापासून कॅम्पची यादी माझ्या खिशात असते.